दमणं, शिणणं, गळणं: प्रोग्रेसिव्ह एमएसमधल्या थकव्याची वही

पाऊलखूण

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "थकवा?" मी म्हटलं, "आहे." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न लघवीचा आला. बाहेर पडल्यावर स्वतःचाच राग आला. गेल्या आठ वर्षांत ज्या गोष्टीने आधी नोकरी नेली, मग वाचन नेलं, मग माणसांत बसणं नेलं, तिच्याबद्दल मला एवढंच बोलता आलं? "आहे"?

मला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह एमएस आहे. (एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं आवरण उतरत जाण्याचा आजार.) एमएसच्या शंभर रुग्णांत असे साधारण दहा-पंधरा असतात. आमच्यात बहुतेकांना अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उफाळून मग ओसरणं, येत नाहीत, सुरुवातीपासून नुसती उतरण. त्यामुळे "अमुक महिन्यापासून वाढलं" असं बोट ठेवायला जागाच सापडत नाही. कधी कधी अटॅकवाल्यांचा हेवा वाटतो की त्यांच्याकडे निदान तारखा असतात. (माफ करा, हे फार वाईट वाक्य आहे, पण खोडत नाही.)

तर वही घातली. पहिले दहा दिवस रोज एकच शब्द, "थकले". त्याचा काही उपयोग नव्हता. अकराव्या दिवशी लक्षात आलं की घरात मी असं बोलतच नाही. कधी म्हणते दमले, कधी डोकं शिणलं, कधी गळून गेले. आणि हे तिन्ही सारखे नाहीत.

दमले म्हणजे काहीतरी केल्यामुळे. चालले, उभी राहिले, जिना चढले. पहिल्या फेरीला पाय नीट पडतो, चौथ्या फेरीला डाव्या पायाचा चवडा जमिनीला घासायला लागतो. बसलं की अर्ध्या तासात बरंचसं परत येतं.

शिणले म्हणजे डोकं. दोन माणसं एकदम बोलायला लागली, फॉर्म भरायचा असला, की वाक्य मध्येच हातातून सुटतं. अंग त्या वेळी ठीक असतं. नुसतं बसून हे उतरत नाही, आवाज बंद करून पडावं लागतं.

गळाले हे सगळ्यात वाईट, कारण त्याला कारणच दिसत नाही. झोप झालेली, काम काही केलेलं नाही, आणि अंगातलं त्राण कुणी बूच काढून सोडून द्यावं तसं जातं. केस विंचरायला वर नेलेला हात तसाच खाली येतो. झोपून उठलं तरी तसंच. वैद्यकीय भाषेत याला लॅसिट्यूड म्हणतात असं नंतर वाचलं.

सहा आठवडे हे तीन शब्द लिहिले. 'दमले' सगळ्यात जास्त वेळा आलं, पण त्याने माझं फारसं काही अडलं नाही. अडवलं ते 'गळाले'ने. ते बहुतेक दुपारनंतरचं. आणि ते ज्या दिवशी आलं त्याच्या आदल्या दिवसाची पानं चाळली तर तिथे अंगमेहनत नव्हतीच. तिथे पाहुणे होते, कुणाला तरी आजार समजावून सांगणं होतं. एकदा बहिणीशी फोनवर चाळीस मिनिटं भांडण झालं, तर पुढचे दोन दिवस सलग 'गळाले'. दोन जिने चढून मला असं कधीच झालेलं नाही.

प्रोग्रेसिव्हवाल्यांनो, तुमच्याकडे हे असंच आहे का? मनावरचा ताण अंगातून असा वसूल होतो का?

कंदील

मी सेकंडरी प्रोग्रेसिव्ह. सुरुवातीची बारा वर्षं अटॅकची, मग अटॅक थांबले आणि तुम्ही म्हणता ती उतरण लागली. अटॅक थांबले म्हणून आनंद झाला होता, तेवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नसेल.

ताई, वहीत एक रकाना वाढवा, तापमानाचा. अंगाचंही आणि खोलीचंही. आवरण गेलेल्या चेतातंतूतून संदेश कसाबसा पलीकडे पोचत असतो. शरीर अर्ध्या अंशाने तापलं तरी तो वाटेत विझू शकतो. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलंय की व्यायामानंतर काही रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते. पुढे कळलं की खरं कारण वाढलेली उष्णता. एमआरआय नव्हता तेव्हा तर संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत.

निरोगी माणसाचंही अंग सकाळपेक्षा दुपारी-संध्याकाळी थोडं जास्त गरम असतं. तुमचं 'गळाले' दुपारनंतरचं आहे, त्यातला काही भाग हा असू शकतो. मी मानेवर ओला रुमाल ठेवतो, अंघोळ गार पाण्याने करतो आणि जे काही करायचं ते सकाळी अकराच्या आत. आणि हो, भांडताना अंग तापतंच की.

खटपट्या

माझ्या ओळखीत कुणाला एमएस नाही, पण थकवा हा बराचसा सवयीचा भाग असतो असं मला वाटतं. लवकर उठणं, सकारात्मक विचार आणि थोडी इच्छाशक्ती यांनी खूप फरक पडतो. आजाराची वही लिहिण्याऐवजी आनंदाची वही लिहून बघा.

उगाचच

@खटपट्या, लवकर उठते. रोज पहाटे चारला, पायात गोळे येतात म्हणून. इच्छाशक्तीचं काय करू तेवढं सांगा.

पाऊलखूण

@खटपट्या, राग नाही. आठ वर्षांपूर्वी मीही कुणाला तरी हेच सांगितलं असतं.

@कंदील, रकाना वाढवला. भांडताना अंग तापतं हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग त्याच दिवशी गळायला हवं ना? उष्णतेचा परिणाम अंग निवलं की उतरतो. माझं दुसऱ्या दिवशी येतं.

अर्धविराम

मी रुग्ण नाही. बायकोला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह आहे. तुमच्या तीन शब्दांत एक चौथा घाला असं सुचवतो: खचणं.

दोन वर्षं मी दोन वाक्यांतला फरक ऐकत नव्हतो. ती कधी म्हणायची "मला झेपत नाही" आणि कधी "मला नको". माझ्या कानाला दोन्ही सारखी. दोन्ही वेळा मी "बरं, पड तू" म्हणून दार लोटून घ्यायचो. समजूतदारपणा समजायचो त्याला.

'झेपत नाही' मध्ये इच्छा शाबूत असते. ती खिडकीतून बाहेर बघून म्हणायची, आज जायला हवं होतं. 'नको' मध्ये ते जायला हवं होतंच उरत नाही. आवडती गोष्ट बसल्या जागी आणून दिली तरी नको. पुढे नैराश्याचं निदान झालं, औषध आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं. एमएसमध्ये जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं हे आम्हाला तेव्हा कळलं. निदानाच्या दिवशीच कुणी का सांगितलं नाही?

उपचारांनी थकवा गेला नाही, हे स्पष्ट सांगतो. कमी झाला, थोडा. पण आता ती गळून गेली की चिडते. आधी चिडायचीही नाही. मला ती चिडचिड ऐकायला फार बरी वाटते.

उगाचच

अर्धविराम, तुमचा अनुभव मान्य. पण 'मन' हा शब्द कागदावर आला की पुढे काय होतं ते मी भोगलंय, म्हणून जरा कडू लिहिते.

माझ्या कागदांवर सव्वा वर्ष "ताणामुळे थकवा" असं लिहिलेलं होतं. तेवढ्या काळात कुणी साधं रक्त तपासलं नाही. शेवटी तपासलं तर थायरॉइड कमी आणि हिमोग्लोबिनही कमी. दोन्हीवर उपचार असतात! एमएस आहे म्हटल्यावर सगळं एमएसवर, आणि त्यात बाई रडली की सगळं मनावर.

दुसरी गंमत त्या प्रश्नावलीची. नैराश्य मोजायला जो नऊ प्रश्नांचा तक्ता देतात, त्यात थकवा वाटतो का, झोप नीट लागते का, लक्ष लागतं का, हालचाल मंदावली आहे का, असे प्रश्न आहेत. एमएस असलेला माणूस पूर्ण आनंदात असला तरी तिथे गुण मिळवून बसतो. त्यामुळे नुसत्या बेरजेवरून कुणी निराश ठरवलं तर विचारायचं, मला गुण कोणत्या प्रश्नांत मिळाले?

आणि थकवा आहे तो मेंदूतच आहे, पण 'मनाचे खेळ' या अर्थाने नाही. आवरण उतरलेला तंतू संदेश पुढे नेण्यासाठी जास्त ऊर्जा जाळतो, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये नेमकी त्या तंतूची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच दुबळी झालेली असते असं संशोधक मानतात. काम तेच ठेवून एमआरआय काढला तर एमएसच्या मेंदूत जास्त भाग पेटलेले दिसतात. एका माणसाच्या कामाला तिघं लागले की दुपारपर्यंत तिघंही दमणार.

अर्धविराम

यात माझ्या म्हणण्याविरुद्ध काय आहे ते कळलं नाही. दुःख वाटून घेणं, राग आवरणं, समोरच्याचा चेहरा वाचून त्याला बरं वाटेल असं बोलणं, हेसुद्धा त्याच मेंदूचं काम ना? त्यालाही तिघं लागणारच.

उगाचच

...हे मात्र पटलं. मागे घेत नाही काही, पण पटलं.

पाऊलखूण

अर्धविराम, तुमचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. मी ज्याला भांडण म्हणत होते ते खरं तर चाळीस मिनिटं पटवून देणं होतं. बहीण म्हणत होती, "परवा तर तू छान दिसत होतीस." आणि मी छान दिसण्याचा हिशेब देत होते.

टाचपंजा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'दमणं' सगळ्यांनी सोडूनच दिलंत, म्हणून त्याबद्दल लिहितो.

पाऊलखूण यांनी चौथ्या फेरीचं जे लिहिलंय त्याला आम्ही वेगळं धरतो. सुरुवातीला चांगलं आणि करत गेलं की घसरत जाणारं. म्हणून दवाखान्यात दहा पावलं चालवून बघण्यात अर्थ नसतो, तेवढी सगळेच बरी चालतात. सहा मिनिटं चालवलं की पाचव्या-सहाव्या मिनिटाला खरं चित्र दिसतं. तुमच्या डॉक्टरांना सांगायचं असेल तर "पाय ओढतो" असं न सांगता "किती मिनिटांनी ओढायला लागतो" ते सांगा.

एमएसचं अपंगत्व जिने सगळीकडे मोजतात ती ईडीएसएस पट्टी, कर्ट्झके यांची १९८३ ची, ० ते १० अशी. तिच्या मधल्या भागात, साधारण ४ ते ७ मध्ये, जवळजवळ सगळा भर किती अंतर आणि कशाच्या आधाराने चालता यावर आहे. थकव्याला तिथे फारशी जागा नाही. त्यामुळे आकडा वर्षभर तोच राहतो आणि माणूस मात्र निम्मा झालेला असतो. थकव्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. एक नऊ प्रश्नांची आहे, आणि दुसरी एकवीस प्रश्नांची, जिच्यात शारीरिक, बौद्धिक आणि मनोसामाजिक असे तीन भाग आहेत. म्हणजे तुमच्या वहीच्या बरीच जवळची. मागून घ्या.

व्यायामाबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण दमायच्या भीतीने हालचालच सोडतात. मग स्नायू आणि दम दोन्ही कमी होतात, तेच काम आणखी महाग पडतं, आणि हा थकवा एमएसच्या खात्यावर जमा होतो. दुसरे बरं वाटलं त्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकतात आणि तीन दिवस पडून राहतात. या दुसऱ्यांना समजावणं मला जास्त जड जातं, कारण बरं वाटलेल्या माणसाला थांब म्हणायचं असतं. गळायच्या आधी बसायचं, गळाल्यावर नाही. घड्याळ लावून बसा, अंगाला विचारू नका, ते उशिरा सांगतं.

चवडा घासत असेल तर पायाला आधार देणारा स्प्लिंट लावा. काठी, चाकाची खुर्ची यांना लोक हार मानतात. खुर्चीतून जाऊन तिथे दोन तास गप्पा मारता आल्या तर ती खुर्ची पायांपेक्षा कामाची.

कंदील

खुर्चीचं वाचून थांबलो. तीन वर्षं माझी खुर्ची घडी घालून कपाटामागे आहे. असो.

औषधांचं कुणी बोलत नाही. मला मोडाफिनिल, ती जागं ठेवणारी गोळी, सुचवलंय. कुणी घेतलंय?

उगाचच

मी घेतलं, चार महिने. जाग यायची, त्राण नाही यायचं. थकलेलीच राहायचे, फक्त टक्क डोळ्यांनी. पण हे माझं झालं. वाचलं ते सांगते.

२०२१ मध्ये एक नीट बेतलेली चाचणी छापून आली. १४१ जण, प्रत्येकाला आळीपाळीने अमँटाडिन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि खोटी गोळी (तुलनेसाठी, आत औषधच नसलेली), प्रत्येकी सहा आठवडे. थकव्याचे गुण (टाचपंजा म्हणतात तीच एकवीस प्रश्नांची यादी) सुरुवातीला सरासरी ५१ च्या आसपास होते. शेवटी? तिन्ही औषधांवर आणि खोट्या गोळीवरही ३९ ते ४१ च्या घरात. तिघांतलं एकही खोट्या गोळीला मागे टाकू शकलं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त.

कंदील

म्हणजे खोट्या गोळीनेही दहा गुण उतरले? मग मला तीच लिहून द्या.

टाचपंजा

@कंदील, हसू नका, त्यात विचार करण्यासारखं आहे. दर काही दिवसांनी कुणीतरी तुमचा थकवा नीट विचारतंय, लिहून घेतंय, तेही त्या गोळीबरोबर आलंच.

२०२४ मध्ये आणखी एक चाचणी आली. एका गटाला फोनवरून विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, एकाला मोडाफिनिल, एकाला दोन्ही. बारा आठवड्यांत तिन्ही गटांचा थकवा उतरला, पण दोन्ही एकत्र दिल्याने जास्तीचं काही पदरात पडलं नाही. खोट्या गोळीचा गट नव्हता, त्यामुळे वरच्या चाचणीशी ताडून बघताना जपून. काही लोकांना औषधाचा उपयोग होतो, हेही दिसतं. डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि घेतलंत तर सुरू करण्याआधी दोन आठवडे वही लिहा, नाहीतर फरक कशावरून मोजणार?

उगाचच

सीबीटीने उतरलं म्हणजे थकवा मनातच होता, असं आता कुणीतरी म्हणणार. आधीच सांगून ठेवते: काठीने चालणं सुधारलं म्हणून आजार काठीत नव्हता.

अर्धविराम

टाळ्या.

एक विचारायचं होतं. ही कधी कधी क्षुल्लक गोष्टीवर एकदम रडू लागते, कधी भलत्याच वेळी हसते, आणि दोन मिनिटांत थांबते. विचारलं तर म्हणते, वाईट काहीच वाटत नव्हतं. हे नैराश्यच का?

टाचपंजा

ते वेगळं असू शकतं. मेंदूतला हसण्या-रडण्याचा लगाम ढिला होतो आणि भावना नसताना नुसता आविष्कार होतो. एमएसमध्ये हे आढळतं आणि त्यावर औषधही आहे. न्यूरॉलॉजिस्टना नेमकं हेच वाक्य सांगा: "वाईट वाटत नसताना रडू येतं."

पाऊलखूण

महिन्याभराने परत आलेय. तपासणीला वही घेऊन गेले. सगळी पानं कोण वाचणार, म्हणून एका कागदावर चार शब्द आणि त्यांच्यापुढे किती वेळा, कधी, आदल्या दिवशी काय, एवढंच. वाचायला त्यांना दोन मिनिटं लागली.

त्यांचं बोट थांबलं ते माझं लक्षही नव्हतं अशा जागी. दुपारचं 'गळाले' सोडून काही सकाळचीही होती, एकूण अकरा. "रात्री किती वेळा उठता?" चार-पाच वेळा. "मग मागे सांगितलं का नाहीत?" मागे त्यांनी लघवीचा त्रास विचारला होता आणि मी "नेहमीचाच" म्हटलं होतं. गेली तीन वर्षं मी सलग दोन तासांपेक्षा जास्त झोपलेले नाही, आणि पहिल्याच पोस्टमध्ये "झोप झालेली" असं बिनधास्त लिहून मोकळी झालेय. वर जाऊन वाचा, आहे अजून.

मूत्राशयाची सोनोग्राफी झाली, लघवी पूर्ण बाहेर पडत नव्हती असं निघालं. त्यावर उपाय सुरू झालाय. पायाचा कडकपणा कमी करणारी गोळी मी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायचे, तिनेही सुस्ती येते म्हणून तिची वेळ आणि मात्रा त्यांनी बदलून दिली. उगाचचताई, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ मागून तपासून घेतलं. तिन्ही ठीक. थोडी निराशाच झाली, काहीतरी बरं होण्यासारखं निघावं असं वाटत होतं.

आता सकाळचं 'गळाले' आठवड्यातून एखादं. दुपारचं जसंच्या तसं आहे. ते जाईल असं कुणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. 'खचले' हा शब्द या महिन्याभरात चार वेळा लिहिलाय, त्यातले दोन दिवस तपासणीच्या आदल्या-नंतरचे.

बहिणीला तो कागद फोटो काढून पाठवला होता. तिने काहीच उत्तर दिलं नाही, मला वाटलं पुन्हा बिनसलं. काल फोन आला. म्हणाली, "आज कोणतं?" मी म्हटलं, "शिणलेय." "मग ठेवते," म्हणाली आणि ठेवला.

उगाचच

बहीण उसनी मिळेल का?

कंदील

त्या कागदाचा नमुना इथे टाका. माझी तारीख पुढच्या आठवड्यात आहे. खुर्ची कपाटामागून काढलीय, चाकात हवा भरायची आहे.